चैत्र ते फाल्गुन, एका दमात

मागच्या आठवड्यात इथल्याच, जर्मनीतल्या येनाहून एक फोन आला. बोलणाऱ्याला मी ओळखत नव्हतो. त्याची बायको तिथे पीएच.डी. करते. तिला जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे हा नसांचा आजार झालाय आणि सकाळीच तिला आयसीयूत हलवलं होतं. मला हाच आजार होऊन गेलाय हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. औषधांचं त्याने काही विचारलं नाही. ती माहिती त्याला इंटरनेटवर सापडली होती, जरा जास्तच सापडली होती. त्याने एवढंच विचारलं, "सर, ती डोळे मिटून पडलीय. तिला सगळं ऐकू येतं म्हणतात. मी तिच्याशी बोलू काय?"

सुचेल तसं काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण अर्धवटच सांगितलं. म्हणून हे लिहायला बसलोय, त्याच्यासाठी आणि उद्या ज्याला लागेल त्याच्यासाठी. मी डॉक्टर नाही. गाड्यांची इंजिनं थंड ठेवायच्या धंद्यातला इंजिनिअर आहे. त्यामुळे वैद्यकीय काही शोधायला आला असाल तर इथे हाती फार लागणार नाही. आणि सुरुवात हॉस्पिटलपासून करायची तर गोष्ट कळणार नाही. ती एका रेसपासूनच करावी लागेल.

डावीकडे, फक्त डावीकडे

आमची स्टुटगार्टची कंपनी दर वर्षी आमच्यातल्या काही जणांना अॅरिझोनाच्या वाळवंटात पाठवायची. रणरणत्या उन्हात गाडी डोंगरावर चढवायची आणि इंजिन कुठे तापतंय ते बघायचं. त्या एप्रिलमध्ये माझ्याबरोबर उवं होता. उवं म्हणजे अस्सल स्वाबियन, स्टुटगार्टच्या मातीतला. तोंडातून जास्तीचा शब्द गेला तर नुकसान होईल असं वाटणारा. पण या माणसाला एक वेड होतं, अमेरिकन स्टॉक कार रेसचं. दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या, आत मात्र नुसता लोखंडी पिंजरा आणि राक्षसी इंजिन, अशा त्या गाड्या. आम्ही होतो तिथून दीड-दोन तासांवर त्यांचा ओव्हल ट्रॅक होता आणि त्या शनिवारी तिथे रेस होती. उवंने माझं तिकीट मला न विचारताच काढलं.

मागे उघड्याबोडक्या तपकिरी टेकड्या, त्यांवर हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग आणि मधे तो लंबगोल रस्ता. संध्याकाळ होत आली होती. चाळीसेक गाड्या एकदम सुटल्या तेव्हा आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकला. पहिल्या दहा फेऱ्या मजा वाटली. मग मी उवंला म्हटलं, "नुसतं डावीकडे वळत गोल गोल फिरायचं. यात बघायचं काय?"

उवंने भाड्याने घेतलेला हेडफोन माझ्या कानांवर चढवला. त्यात एका ड्रायव्हरचा रेडिओ ऐकू येत होता. ड्रायव्हर स्वतः जवळजवळ गप्पच होता. दुसराच एक माणूस बोलत होता, शांतपणे, किराण्याची यादी वाचून दाखवावी तसा. "आत आहे... अजून आत आहे... दाराशी... मोकळं." उवंने वर बोट दाखवलं. स्टँडच्या छपरावर माणसांची एक रांग उभी होती. ते स्पॉटर. अपघातात मानेला धक्का बसू नये म्हणून ड्रायव्हरचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं असतं. त्याला मान वळवून शेजारी बघता येत नाही. म्हणून त्याच्या बाजूला कोण आहे ते हा छपरावरचा माणूस बघतो आणि सांगतो. त्याने 'मोकळं' म्हटलं की ड्रायव्हर स्टीअरिंग वळवतो, त्या वेगात, डोळे झाकून विश्वास ठेवून.

मी विचारलं, "हा माणूस त्याला शाबासकी वगैरे देत नाही का? आता जिंकतोस, जोर लाव, असं काही?"

"नाइन," म्हणजे नाही, उवं म्हणाला. "जे आहे तेच सांगायचं. बरं वाटेल ते सांगितलं की भिंत."

उरलेली सगळी रेस मी हेडफोन लावूनच बघितली.

रेसच्या आधी पार्किंगमध्ये उवंच्या ओळखीच्या लोकांनी शेगडी पेटवली होती. त्यांनी दिलेला कोंबडीचा तुकडा आतून जरा गुलाबी होता. पाहुण्याने नाही कसं म्हणायचं, म्हणून खाल्ला. नागपुरात गाडीवरचे तर्री-पोहे खाऊन वाढलेलं माझं पोट आयुष्यात कधी रुसलं नव्हतं, ते अमेरिकेत रुसलं. दोन-तीन दिवस हाल झाले. मग बरं वाटलं आणि मी ते विसरून गेलो. पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या तुकड्यातून झाली असावी असं नंतर डॉक्टर म्हणाल्या. असावी, म्हणजे नक्की नाही.

बी-कॉम्प्लेक्स

परत आल्यावर एक-दोन आठवड्यांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. हे ज्या ज्या मराठी माणसाला सांगितलं त्याने एकच निदान केलं: बी-ट्वेल्व्ह. बी-कॉम्प्लेक्स घे. मीही घेतल्या. डॉक्टरकडे फोन केला तर पुढच्या आठवड्यातला टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ मिळाली. मी शहाण्या मुलासारखा त्या टर्मीनची वाट बघत बसलो. मुंग्यांसाठी इमर्जन्सीत जाऊन कशाला कुणाला त्रास द्यायचा?

स्टुटगार्ट टेकड्यांवर वसलेलं आहे. आमच्या घराकडे जायला दगडी पायऱ्यांची लांबलचक वाट आहे. त्या पायऱ्यांवर मी आधी एकदा थांबायला लागलो, मग दर वळणावर. बाटलीचं झाकण उघडेना, ते आमच्या मैत्रेयीने उघडून दिलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "पापा, दू बिस्ट आबर श्वाख," म्हणाली. पापा, तू किती अशक्त आहेस. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या फलाटावर माझे गुडघे वाकले आणि मी खाली बसलो. उठता येईना. सकाळच्या वेळी हा प्यायलाय की काय, अशा नजरेने लोक बघत होते. एका बाईंनी हात दिला, तरी जमेना. मी बायकोला, प्रज्ञाला फोन केला. तिने टर्मीनबिर्मीन ऐकून घेतलं नाही, टॅक्सीत घालून सरळ हॉस्पिटलात नेलं.

निदानाचा दिवस सगळ्यांना लख्ख आठवतो म्हणतात. मला एवढंच आठवतं की डॉक्टरबाई माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारत होत्या आणि गुडघा ढिम्म हलत नव्हता. पुन्हा मारली, पुन्हा तेच. त्या क्षणी त्या जरा जास्तच सौम्य बोलायला लागल्या आणि मला भीती वाटली. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, तपासलं. मग खुर्ची ओढून त्या पलंगाशी बसल्या. शरीराचं स्वतःचंच सैन्य नसांवरचं आवरण कुरतडतंय, म्हणाल्या. वायर शाबूत असावी, वरचं इन्सुलेशन गेलंय. हे मला लगेच कळलं. बहुतेक लोक बरे होतात, पण आधी खाली जातात, मग वर येतात. "किती खाली, हे आज मी सांगू शकत नाही. श्वासाच्या स्नायूंवर आम्हाला लक्ष ठेवावं लागेल."

"आणि ते गेले तर?" प्रज्ञाने विचारलं.

"तर काही दिवस मशीन श्वास घेईल."

त्या गेल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, "काहीही होऊ दे, नळी नको." ती माझ्या अंगावरची चादर सारखी करत राहिली.

आमच्या घरातली नळी

माझे बाबा नागपूरच्या एका हॉस्पिटलात न्यूमोनियाने गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. घशात नळी घातली आणि काचेपलीकडे ठेवलं. आम्ही काचेतून बघायचो. आत सोडायचे ते दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत आम्ही त्यांच्या पायांशी उभे राहून एकमेकांशी बोलायचो, त्यांच्याशी नाही. त्यांना ऐकू येत असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ते परत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात 'नळी लावली' याचा अर्थ एकच होता. मी इंजिनिअर आहे, मशीनवर माझा विश्वास आहे, पण या एका मशीनवर नव्हता.

श्वासाची परीक्षा

वॉर्डात दर काही तासांनी श्वास मोजायचे. त्यासाठी एका तोटीत फुंकायचं असतं. पण माझा चेहराही लुळा पडायला लागला होता. ओठ तोटीभोवती मिटत नव्हते आणि हवा बाजूने निसटायची. तेव्हा आनेग्रेट नावाच्या सिस्टरने दुसरी युक्ती काढली. एक मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जितकं म्हणता येईल तितकं मोठ्याने म्हणायचं. बहुतेक लोक आकडे म्हणतात. "कुठल्याही भाषेत चालेल," ती म्हणाली, "फक्त दर वेळी तेच म्हणा."

माझ्या तोंडात आले ते मराठी महिने. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शिवाय दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. वैशाखात बुद्धपौर्णिमा, आषाढात पहिलं प्रवचन, असे आमचे महिने तिच्या पौर्णिमांना बांधलेले होते. मी म्हटलं, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ... थेट फाल्गुनापर्यंत. सिस्टरला एकही शब्द कळला नाही, पण शेवटचा 'फाल्गुन' हे तिने लक्षात ठेवलं.

पहिले दोन दिवस वर्ष आरामात पुरं झालं. मग पौषाशी थांबलो. मग आश्विनाशी. सलाइनमधून औषध चालू होतं, पण आजाराला अजून खाली जायचं होतं. विपश्यना करणाऱ्या एका मित्राने फोनवरून निरोप दिला, "श्वासाकडे लक्ष ठेव." मला दुसरं काम काय होतं?

तोपर्यंत मानही वळेनाशी झाली होती. एकाच्या जागी दोन दिसायचे, म्हणून आलटूनपालटून एका डोळ्यावर पट्टी असायची. पलंगाच्या बाजूला कोण येतंय ते कळायचं नाही आणि अचानक कुणी हात लावला की दचकायला व्हायचं. मी प्रज्ञाला ती छपरावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. तिने ते काम लगेच उचललं. "डावीकडून सिस्टर येतेय. हातात सुई आहे. दंडाला टोचणार. टोचली. गेली. मोकळं." मैत्रेयी आली की तिची पाळी. ती स्टुलावर चढून जर्मनमध्ये सांगायची, "लिंक्स... लिंक्स... फ्राय!" डावीकडे, डावीकडे, मोकळं. शेजारच्या पलंगावरचे आजोबाही मग आपल्या बाजूची बातमी द्यायला लागले. हसलो आम्ही खूप. माझा चेहरा हसत नव्हता, पण मी हसत होतो.

पळवणं

आईच्या शाळेत पाढे 'एका दमात' म्हणायची शर्यत लागायची. जो सगळ्यात जोरात पळवेल तो पहिला. त्या शर्यतीत मी कधी हरलो नव्हतो. आश्विनाशी अडकल्यावर एका सकाळी माझ्यातला तो शाळकरी मुलगा जागा झाला. सिस्टरने 'हं' म्हणताच मी 'चैत्रवैशाखज्येष्ठआषाढ' अशी गाडी सोडली आणि थेट फाल्गुनात जाऊन आपटलो. आनेग्रेट खूश, फारच छान म्हणाली. "झेअर गूट, हेर गायकवाड!" तिने कागदावर फाल्गुनाची खूण केली.

मग दर वेळी तेच. श्वास कमी होत होता तसा मी वेग वाढवत होतो. आपण काही खोटं करतोय असं मला वाटतच नव्हतं. नियम एका श्वासात म्हणायचं असा होता, हळू म्हणायचं असं कुणी कुठे सांगितलं होतं? नळीचा विषय पुढे ढकलला जातोय एवढंच मला दिसत होतं. जर्मन सिस्टरला मराठी महिन्यांची चाल काय कळणार, आणि तिने चालीकडे कशासाठी बघावं?

प्रज्ञाला मात्र चाल माहीत होती. एका दुपारी सिस्टर खूण करून गेल्यावर ती म्हणाली, "आता माझ्यासाठी म्हण. आई म्हणतात तसं. हळू."

मी म्हटलं. श्रावणही पुरता झाला नाही.

"कधीपासून पळवतोयस?"

मी नजर दुसरीकडे वळवली.

"मिलिंद, कधीपासून?"

"सांगू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज तेव्हा नाकातून यायचा. "प्रज्ञा, प्लीज. त्या नळीतून बाबा परत आले नाहीत."

तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "मला ती नको आहे तुझ्याइतकीच. पण बाजूला गाडी दिसतेय आणि मी तुला मोकळं म्हणू?" आणि तिने घंटा वाजवली.

मला तिचा प्रचंड राग आला. सख्खी बायको फितूर झाली असं वाटलं. ती डॉक्टरबाईंना समजावून सांगत होती, "ते भरभर म्हणतात. आमच्याकडे शाळेत तसंच शिकवतात." मी एकच उघडा डोळा छताला लावून पडलो होतो. आनेग्रेटने माझ्याकडे बघितलं आणि ती रागावली नाही, फक्त कागदावरच्या खुणांवर हळूच काट मारली. श्वास पुरतोय का ते बघायला हातातून रक्त घेतलं, तपासून आणलं. डॉक्टरबाई पुन्हा खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "नळी लागणार आहे. आत्ताच, सगळे हजर असताना शांतपणे घालू. उद्या पहाटे धावपळीत घालायची वेळ आली असती, तर मला ते आवडलं नसतं."

आयसीयूत नेताना प्रज्ञा पलंगाबरोबर चालत होती. मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र बोलत राहिली. "लिफ्ट आली. उजवीकडे वळतोय. दार आहे. मी इथपर्यंतच."

आतून

आता येनाच्या त्या माणसाला सांगायचं ते हेच. ऐकू येतं. औषधाची गुंगी असते, दिवस आणि स्वप्नं एकमेकांत मिसळतात, पण ऐकू येतं. मला हात हलवता येत नव्हता, आवाज नव्हता, पापण्याही जेमतेम मिटायच्या. मशीन फुस्स करून छाती वर न्यायचं आणि खाली आणायचं. सुरुवातीला मी त्याच्याशी भांडायचो. मग कधीतरी त्याच्या तालात पडलो. त्या मशीनला मी मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. ते बिचारं आपलं काम करत होतं.

भेटायला येणारी माणसं प्रेमाने म्हणायची, "काही नाही होत, दोन दिवसांत उठशील." दोन दिवस जायचे, मी उठायचो नाही. मग वाटायचं, म्हणजे आपलं काहीतरी बिघडलं असणार आणि हे लोक लपवतायत. त्यांच्या गोड बोलण्याने मला जितकी भीती वाटली तितकी त्या मशीनने नाही वाटली.

प्रज्ञाने मात्र पहिल्याच दिवशी कानाशी येऊन सांगितलं, "आईंना सगळं सांगितलं, नळीचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'त्याच्या बाबाले कोणी काही सांगितलं नव्हतं, बाई. तू सांगत राह्य.' म्हणून मी सांगणार आहे. जे असेल ते."

आणि ती सांगत राहिली. "तुझ्या उजव्या हाताशी खिडकी आहे, बाहेर पाऊस नाही, ढग आहेत. डावा दंड काल जरा हलत होता, आज हलत नाहीये. डॉक्टर म्हणाल्या, अजून तळ आलेला नाही." हे ऐकून घाबरायला हवं होतं, पण उलट मन शांत व्हायचं. निदान आपण कुठे आहोत ते कळायचं. माझा राग किती दिवस टिकला ते सांगता येत नाही. एकदा तिची यायची वेळ झाली आणि मी तिच्या पावलांचा आवाज शोधतोय असं लक्षात आलं, तेव्हा तो गेलेला होता.

एक दिवस ती आली आणि म्हणाली, "आज मला काही सांगायचं नाहीये. ऑफिस, मैत्रेयीची शाळा, तू. मी थकलेय." मग पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून नुसती बसून राहिली. तेही मला बरं वाटलं. येनाच्या मित्रा, तुझी अशी वेळ आली तर तिला खुशाल तसं सांग. तिला ते ऐकवेल.

उवं आला. काय बोलावं हे त्याला कळेना. मग त्याने खिशातून कागद काढला आणि आदल्या रविवारच्या रेसचा निकाल वाचून दाखवला. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत, एकही नाव न गाळता, एका सुरात. शेवटी म्हणाला, "आल्झो, तर हे असं झालं," आणि गेला. कुणाच्याही भेटीने मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आनेग्रेटही आपली पाळी संपली की वरच्या वॉर्डातून डोकावून जायची. तिने लिंबाच्या चवीचा ओला बोळा माझ्या कोरड्या ओठांवरून फिरवला, तो स्पर्श अजून आठवतो. तसा आंबटपणा पुन्हा कशालाच आला नाही.

मैत्रेयीला आत आणायचं की नाही यावर प्रज्ञाने डॉक्टरांशी बरीच चर्चा केली. शेवटी आणलं. तिने आधी सगळ्या नळ्या बघून घेतल्या. मग माझ्या कानाशी येऊन तिने सुरू केलं, "चैत्र, वैशाख, ज्येष्ठ..." मराठीत. वॉर्डात ऐकून ऐकून तिचं पाठ झालं होतं. पुढे मार्गशीर्ष म्हणताना जीभ अडखळली, तरी ती फाल्गुनापर्यंत गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते प्रज्ञाने पुसलं आणि ती म्हणाली, "रडतोयस. म्हणजे डोळे काम करतायत."

वर

तळ आला आणि एके दिवशी खांदा हलला. मग मनगट. नळी निघाली तेव्हा घसा सोलल्यासारखा झाला होता. श्वास आत आला तो माझा स्वतःचा होता आणि मला त्याची लाज वाटावी इतका तो छोटा होता. प्रज्ञा समोर उभी होती. मी म्हटलं, "चैत्र." मग पुन्हा श्वास घेऊन, "वैशाख."

"बस," ती म्हणाली. "एवढंच आहे आज."

पुढचे महिने रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात गेले. बसायला शिकलो, उभं राहायला शिकलो, शर्टाचं बटण लावायला शिकलो. बटण सगळ्यात अवघड. तिथे एक वेगळंच दुःख असतं. आपण बरे होतोय हे सगळ्यांना दिसतं आणि आपल्याला फक्त न लागलेलं बटण दिसतं. त्या दिवसांत मी प्रज्ञावर आणि मैत्रेयीवर विनाकारण चिडलो. घरच्यांनो, ते तुमच्यावर नसतं.

एका संध्याकाळी बागेत चाकाच्या खुर्चीत बसलो असताना मी प्रज्ञाला म्हटलं, "त्या दिवशी घंटा वाजवलीस ते बरं केलंस."

"माहितीये," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तू परत आला नाहीस तर तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं 'सांगू नकोस' हेच राहील. तरी वाजवली."

मी तिचा हात धरता येत होता तेवढा धरला.

पुन्हा तोच ट्रॅक

त्या वाळवंटातल्या ट्रॅकवर वर्षात दोनदा रेस होते, एप्रिलमध्ये आणि मग नोव्हेंबरात. नोव्हेंबरात मी घरी होतो. दगडी पायऱ्या चढायला अर्धी सकाळ लागायची, पण चढायचो. उवंने ती रेस रेकॉर्ड करून आणली. निकाल त्याला माहीत होता आणि त्याने तो सांगितला नाही. आम्ही दुपारी बघायला बसलो. त्याच उघड्याबोडक्या टेकड्या, तेच निवडुंग. मैत्रेयी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून प्रत्येक गाडीला "फ्राय, फ्राय" सांगत होती.

मधेच एक गाडी भिंतीला घासली. पिवळा झेंडा निघाला. सगळ्या गाड्या वेग कमी करून एकामागे एक चालायला लागल्या आणि तेवढ्यात आमचा फोन वाजला. आईचा होता.

"जय भीम, आई."

"जय भीम. जेवला का? पाय कसा आहे?"

पायाचं सांगितलं. मग ती जरा घुटमळली. प्रज्ञाने तिला त्या परीक्षेचं सगळं सांगितलं होतं, पळवल्याचंसुद्धा. आजपर्यंत तिने माझ्याजवळ तो विषय काढला नव्हता.

"म्हणून दाखवतोस का रे एकदा?" आई म्हणाली. "मले ऐकायचं आहे."

मी उवंला खूण केली. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मी पाठ सरळ केली, श्वास घेतला आणि सुरू केलं. चैत्र. वैशाख. आई विहारातून परत येताना म्हणायची तसं, एकेक महिना खाली ठेवत. श्रावण आला आणि गेला. आश्विन गेला. पौषाशी छाती जरा ओढल्यासारखी झाली. माघ. फाल्गुन. आणि तरी श्वास उरला होता. त्याचं काय करावं कळेना, म्हणून मी म्हटलं, चैत्र.

पलीकडे आईने नाक ओढलं. मग विचारलं,

"पळवलं तर नाही ना तू?"

"नाही गं आई."

"प्रज्ञाले दे फोन."

मी फोन पुढे केला. प्रज्ञाने तो कानाला लावला. माझ्याकडे बघतच ती म्हणाली, "नाही आई, पळवलं नाही. मी बघत होते."